आडनावाचा पहिला आवाज

मंगळवारी एलिसेओ डबा न घेताच गेला.
आज शुक्रवार. डबा ओट्यावरच आहे.
आतला काळा घेवडा आंबलाय,
मी झाकण उघडलेलं नाही, पण वास लपत नाही.

गाडी सापडली पेट्रोल पंपामागे.
दार सताड, इंडिकेटर डावीकडे वळतोय म्हणत लुकलुकणारा,
आणि मागच्या सीटवर
कोंबड्यांच्या कारखान्यातले त्याचे पांढरे गमबूट
शेजारी शेजारी, शाळेतल्या मुलांसारखे.

पहिल्या ठाण्यात म्हणाले, आमच्याकडे नाही.
दुसऱ्यात म्हणाले, होता. नेला.
कुठे?
ते आम्हाला सांगत नाहीत, बाई.
‘ते’ म्हणताना त्याने वर छताकडे पाहिलं,
देवाचं नाव काढताना बघतात तसं.

वाचनालयातल्या मिस अर्लीनने वही दिली.
लिही, म्हणाली. किती वाजता, कोण बोललं, काय बोललं.
भावासाठी मी हेच केलं होतं,
तेव्हा फोन भिंतीला टांगलेले असायचे
आणि मला उभ्याने लिहावं लागायचं.
भावाचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मग आम्ही दोघी पडद्यासमोर.
देश ग्वाटेमाला. जन्मतारीख. आडनाव.
आमच्या आडनावाचा पहिला आवाज
जीभ दातांना टेकवून झटकन सोडायचा,
चिमणीला दाणे टाकताना निघतो तसा.
पकडणाऱ्याच्या कानाला तो कसा ऐकू आला असेल?
त्सोक. नाही.
झोक. नाही.
टोक, सोक, चोक. नाही, नाही, नाही.
शोक लिहिताना बोट अडलं.
मिस अर्लीनने बटण दाबलं.
या नावाची कोणीही व्यक्ती आढळली नाही.
इतका चांगला निरोप
त्या आठवड्यात दुसरा मिळाला नव्हता.

सापडला तो उलटा.
आडनावाच्या जागी नाव, नावाच्या जागी वडलांचं नाव,
आडनाव कुठेच नाही.
लुइझियानात, पाइनच्या जंगलात, इथून पाच तासांवर.
नावाखाली नऊ आकडे.
ते मी हातावर लिहिले, मग वहीत,
मग कारखान्यात कोंबड्या सोलताना
दर कोंबडीला एक आकडा, असे पाठ केले.

आईला फोन केला. सापडला, म्हटलं.
ती म्हणाली, जेवला का?

इन्सुलिनसाठी सतरा फोन.
चौदाव्याला एक नर्स थांब म्हणाली,
आणि कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.
आला ना? वहीत मी लिहिलंय, आला.
वकिलासाठी कापणी विभागातल्या बायकांनी पैसे जमवले,
रबरी हातमोज्यात, पाच बोटांत पाच जणींचे.

रविवारी त्याचा फोन.
आधी यंत्र बोललं, मग तो, स्पॅनिशमध्ये, परक्यासारखा.
मी यादी घेऊन बसले होते:
कशावरही सही करू नकोस.
वकिलीणबाईंचं नाव ओर्तेन्सिया.
सुई देतात का?
एक दिवसाआड, म्हणाला.
मग अचानक किचेमध्ये, खालच्या आवाजात:
डबा राहिला गं.
खाल्ला मी, म्हटलं.
खारट झाला होता का?
थोडा.
तो हसला की खोकला, कळायच्या आत फोन तुटला.

भेटीला जायचं तर दारात कागद दाखवावा लागतो.
तसला कागद माझ्याकडे असता
तर मी गाडी शोधायलाही दिवसाउजेडी गेले असते.
म्हणून शनिवारी मिस अर्लीन जाणार आहे,
ज्याला कधी पाहिलं नाही त्याला भेटायला,
गुडघ्याला पट्टा बांधून, पाच तास जायचे, पाच तास यायचे.
मला म्हणाली, त्याच्या समोर बसल्यावर
मी नाव चुकीचं घेणार नाही. शिकव.

वाचनालय बंद झालंय. पायरीवर बसलोय.
जीभ दातांना, मी सांगते. आता सोड.
सोक.
नाही. चिमण्या बोलाव.
ती बोलावते. समोरच्या तारेवरची एक
मान वळवून बघते.