आजार असल्यास

कागद तीन दिवस फ्रिजवर पडून आहे,
वर बर्फाच्या पावत्यांचं ओझं.
भुवड सरांचं अक्षर:
पहिला मुक्काम पुणे, मग वेरूळ, अजिंठा, शेवटी लोणार.
दिवस सहा. रुपये तीन हजार आठशे.
खाली तीन ओळी मोकळ्या—
विद्यार्थ्यास काही आजार असल्यास.

पैशांचं जमेल, भिशी याच महिन्यात लागतेय.
आजाराचं काय लिहू?

मी दिवसभर फेरीबोटीची तिकिटं फाडते.
माणूस, मोटारसायकल, रिक्षा, एकदा तर बाशिंगासकट नवरा.
दाभोळहून धोपावे, धोपाव्याहून दाभोळ.
फळी पडते, माणसं उतरून चालू लागतात,
परत कधी येणार, मी कुणाला विचारत नाही.

मंथनला शिमग्याला बारा पुरी होतील.
अजून आठवड्यातून एकदा, कधी दोनदा,
पहाटे माझ्या उशाशी येऊन उभा राहतो.
काही बोलत नाही.
मी उठते, चादर ओढते, खालचं निळं प्लास्टिक पुसते,
होडीवर पावसाळ्यात घालतात त्यातलाच तुकडा.
उजाडायच्या आत चादर दोरीवर,
सुकत घातलेल्या बोंबलांच्या मागे.
खारट वासात खारट वास लपतो.
शेजारणीला वाटतं, हिला धुण्याचा सोस.

दापोलीचे डॉक्टर म्हणाले, वाढेल तसं जाईल.
तो वाढतोय. दरवर्षी नवी पँट.

रूपेशला विचारावं तर तो खोल पाण्यात.
रेंज आली तेव्हा म्हणाला,
"त्याच्याएवढा होतो तेव्हा मी होडीवर चढलो,
माझ्यासाठी कुणी सही दिली होती?"
मग इंजिनाचा आवाज, मग नुसतीच खरखर, मग तीही नाही.
होडीवर कोण बघतं, कुणाची गोधडी भिजली.
तिथं सगळंच भिजलेलं.

मंथन म्हणतो, लोणारचं पाणी खारं आहे,
जवळपास समुद्र नसताना.
वरून दगड पडला आणि तळं झालं.
"मला चाखून बघायचंय, आपल्यासारखंच आहे का."
मी म्हटलं, घाण असेल.
तो म्हणाला, "मी दुपारनंतर पाणीच पिणार नाही.
सहाही दिवस."
मी भाकरी थापत होते.
हात थांबला तशी भाकरी चिरली.

रात्री ठरवलं, नाही.
सकाळी ठरवलं, हो.
दुपारच्या फेरीला नाचरे बाई भेटल्या,
म्हटलं, त्यांच्या कानावर घालावं.
त्यांनी सुटे मागितले, मी सुटे दिले.
आमच्याकडे गोष्ट तिकीट न काढता पलीकडे जाते.

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, घरी आले
तर कागद फ्रिजवर नव्हता.
दप्तरावर होता, पेन्सिलीनं भरलेला.
तिन्ही ओळी.

रात्री दोन वाजता उठवावे.
अदनान परकार यास सांगितले आहे.
तो उठवणार आहे.

मी कितीदा वाचलं कोण जाणे.
एवढी वर्षं मी जे बोंबलांच्या मागे वाळत घातलं,
ते यानं मधल्या सुट्टीत सांगून टाकलं होतं,
बहुतेक चिंच खाता खाता.

"हसला का रे अदनान?"
"थोडा."
"मग?"
"मग काही नाही. त्याच्या घड्याळात गजर आहे."

सही करताना पेन आधी उमटेना.
दोनदा गिरवावी लागली, जाड झाली,
दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

गाडी पहाटे गेली.
त्यानं खिडकीतून हात केला की पडदा सारला,
नीट दिसलं नाही.

आज रात्री गजर न लावता मला दोनला जाग आली.
सवयीनं त्याच्या अंथरुणाशी गेले,
अंधारात प्लास्टिकवर हात फिरवला.
कोरडं. गार.
बाहेर खाडीला भरती लागलेली,
बांधलेल्या होड्या एकमेकींना घासत होत्या.
पुण्यातल्या कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये
आता चाळीस पोरं ओळीनं झोपली असतील,
भुवड सर दाराशी घोरत असतील.

ऊठ रे अदनान.
ऊठ बाळा, दोन वाजले.