सारखेच पांढरे

भोपळे मी आता पलंगाखाली ठेवत नाही,
त्यांना स्वतःची खोली आहे.
मागच्या पडवीत पाच फळ्या, खिडकीला मलमल,
आणि लाल भोपळ्यांच्या पाठीवर मी वाढवते
पिठ्या ढेकूण, ज्याच्या नावानं
बागाईतदार बोटं मोडतात.
नणंद म्हणते, "रोग कोनी घरात पोसते काय वो?"
पोसते. त्याला खाणारा पोसायचा
तर आधी त्याचं ताट वाढावं लागतं.

खाणारा म्हणजे मसुरीच्या डाळीएवढा भुंगा,
पाठ काळी, डोकं संत्र्याच्या सालीचं.

जानेवारीत उकंडराव जुमळ्यांकडे डबे नेले.
कपाशी-तुरीच्या मुलखात दोन एकर द्राक्षांचा मांडव,
रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघतात.
महिनाभर फवारू नका, एवढंच मागितलं.
खोडांना चिकट पट्ट्या गुंडाळल्या,
कारण मुंगळे असतात ढेकणांच्या राखणीला,
गोड चाटायला मिळतं म्हणून.
दिवस तुरीआड गेला तशी झाकणं काढली.
भुंगे लगेच उडाले नाहीत.
एक बराच वेळ माझ्या नखावर बसला,
परक्या गावात एसटीतून उतरलेल्या माणसासारखा.

सतराव्या दिवशी फोन आला.
"बाई, तुमच्या भुंग्यानं तं रोग दुप्पट केला.
ढेकूण मोठाले झाले, अन् पयतात बी."

पळतात?
चप्पल उलटी-सुलटी घालूनच निघाले.

उकंडरावांची सून दुर्पता
फडक्यानं घड पुसत होती, एकेक मणी,
लेकराचं नाक पुसावं तसा.
फडकं पांढरं चिकट झालेलं.
ते माझे होते.
भुंग्याची पिल्लं अशीच असतात,
तसंच मेण अंगावर, तशाच दशा लोंबलेल्या.
ज्याला खायचं त्याचाच अंगरखा घालून
त्याच्याच घरात जेवायला बसतात.

मी काही बोलले नाही.
गळ्यातलं भिंग काढून तिला दिलं
आणि एका उरलेल्या घडाकडे बोट केलं.
तिनं पाहिलं. डोळा न हलवता पाहिलं.
पिल्लू ढेकणाच्या अंड्यांत तोंड खुपसून होतं.

"मंग मी पुसले थे?"
"असतील पाच-सात," मी म्हणाले.
फडकं आम्हा दोघींच्या मध्ये होतं.

तिनं ते झटकलं नाही, धुवायलाही टाकलं नाही.
वेलीच्या खोडाला बांधलं,
चिकट पट्टीच्या वर, सैल गाठ मारून.
"जो जित्ता असन," ती म्हणाली, "थो चढन."