मापासाठी रुपया

अहवालाच्या नमुन्यात लिहिलंय :
प्रत्येक भेगेशेजारी ओळखीची वस्तू ठेवून फोटो घ्यावा,
म्हणजे माप कळतं.
मी रुपया ठेवतो.

सकाळचे सव्वासात. नव्या पुलावरनं उसाच्या ट्रॉल्या निघाल्यात,
जुन्यावर मी, आणि कठड्याच्या सावलीत
अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं एक कुत्रं.
भेग क्रमांक एक : रुपयाच्या जाडीएवढी.
क्रमांक चार : आत पिंपळाचं रोप, सात पानं.
पानं मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्याच कठड्यावरनं येष्टीतले लोक
पंचगंगेला नाणी टाकायचे, कपाळाला हात लावायचे,
आणि खाली आम्ही.
शकील मुजावरनं बिघडलेल्या कर्ण्याचं चुंबक काढलेलं,
काथ्याला बांधून तिसऱ्या कमानीखाली फिरवायचो.
दहा पैसे चिकटायचे नाहीत, ॲल्युमिनियमचे.
रुपया लागला की खट्ट.
तो आवाज कानाला नाही येत,
दोरीतनं बोटात येतो.
परगावच्या लोकांचे नवस
आम्ही गंगावेशीत भजी खाऊन फेडले.

शकील पुलावरनं सूर मारायचा.
मी दोनदा कठड्यावर चढलो, दोनदा उतरलो.
हे अजून कुणी विसरलेलं नाही.
मघाशी म्हशी धुता धुता दऱ्याप्पा खालनं ओरडला,
"आज तरी मारतोस काय रं उडी?"
मी कॅमेरा वर करून दाखवला.
"तवा बी काय तर निमित्त हुतंच की," म्हणाला,
आणि म्हशीच्या पाठीवर तांब्या ओतला.

क्रमांक अकरा, कठडा जिथं रस्त्याला मिळतो तिथं.
रुपया ठेवला, बोट काढलं,
रुपया आत गेला.
कान लावून वाट बघितली. पडल्याचं काही ऐकू आलं नाही.
रुंदीच्या रकान्यात लिहिलं : रुपयापेक्षा जास्त.
खोलीच्या रकान्यात नुसती रेघ मारली.
शकील इचलकरंजीत माग दुरुस्त करतो,
त्याला चार नंबरचा फोटो पाठवला.
पाच मिनिटांनी त्याचं उत्तर :
रुपया कुणाचा?

काम तिथं संपलं होतं. बिलात एवढंच बसतं.
तरी घाट उतरून गल्लीत गेलो.
पिठाची गिरणी होती तिथं मोबाईलचं दुकान,
पट्ट्याची चाकं मात्र अजून भिंतीतच,
त्यांच्यावर चार्जर टांगलेत.
आमच्या खोल्यांच्या जागी पार्किंग. तिथला फोटो
मी घेतला नाही. काय घेणार, एक पांढरी गाडी?

हौसाक्का कुंभारीण उंबऱ्यात लसूण सोलत होती.
"तू त्यो उतरलेला न्हवं?"
व्हय, म्हणालो.
"पुलाचं एवढं फोटू काढलंस, माझ्या भिंतीचा एक काढ.
पंचनाम्याला आलेलं पोरगं म्हणलं, रेघ दिसत न्हाई."

दिसत होती.
दोन महापुरांच्या दोन रेघा, मधे चार बोटांचं अंतर.
दर दिवाळीला तिनं चुना दिलेला,
वर दिलेला, खाली दिलेला,
तेवढा पट्टा सोडून.
"पुसला तर म्हणत्यात, पाणी आलंच न्हवतं."

सवयीनं खिशात हात घातला, दुसरा रुपया काढला.
तिला वाटलं, पैसे देतोय.
"ठेव तुझं," म्हणाली, तोंड वाकडं करून.
लसणाची टरफलं झटकली, पदर सारखा केला
आणि स्वतःच भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
खालची रेघ तिच्या अंबाड्याच्या वर वीतभर.
मी फोकस धरला.

"थांब," म्हणाली, "चपला काढतो.
उगं दोन बोटं जास्तीची नगंत."