जाळी वाळत घालायची जागा

वर्षातून एकदा माझ्या वाट्याला सोर यायचं.
शास्त्रपाठ वाटून देताना सुलोचनाबाई
हटकून तेच पान माझ्याकडे सरकवायच्या:
"याकोब, हे तुझ्या धंद्यातलं."

आठवडाभर मी शाहूपुरीत गुळाचा मापाडी,
आणि त्या एका रविवारी
समुद्रातल्या खडकावरच्या शहराचा.
चांदी, लोखंड, कथील, शिसं.
घोडे, खेचरं. हस्तिदंत. मध, तेल, ऊद.
गोगलगायीच्या रक्तात रंगवलेलं जांभळं कापड.
कुठल्या गावचा माल, आणला कुणी, बदल्यात काय नेलं –
संदेष्टा असून माणसाची खतावणी पक्की होती.

मी यादी वाचायचो सौद्यात पुकारतात तशी,
शेवटच्या शब्दाला जरा उचलून.
मागच्या बाकावर एलिया आवळे खोकल्यात हसायचा.
मग पूर्वेचा वारा सुटायचा, भरलं जहाज फुटायचं,
आणि मी आवाज खाली आणायचो,
कारण तिथे तो आणायचा असतो.
खरं सांगतो, वाईट कधी वाटलं नाही.
माज केला, बुडालं. खातं बंद.

टाउन हॉलच्या काचेत एक देव आहे,
वितीहून लहान, काशाचा, एक हात वर उगारलेला.
हातातलं शस्त्र कुठे पडलं कुणास ठाऊक.
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला, पंचगंगेकाठी.
समुद्राचा देव म्हणे.
इथून समुद्र म्हणजे घाट उतरून जायचं, बैलगाडीने तर विचारूच नका.
तरी कुणीतरी तो आणलाच, कुठल्या तरी गाठोड्यात,
तिकडच्या पाण्यावरून.
बदल्यात काय नेलं असेल? मला पहिलं तेच सुचतं.
गूळ नसणार. वाटेतच पाझरला असता.

त्या ऑगस्टात मलगोंडा शेठच्या गोदामात
तेराशे रवे होते.
पाणी रात्री आलं, आवाज न करता.
उंबऱ्याशी थांबलं, आत येऊ का विचारल्यासारखं,
आणि मग आलं.
तिसऱ्या दिवशी आम्ही होडीतून गेलो.
शटरखालून तपकिरी पाणी रस्ताभर पसरलेलं,
गोड वासाचं. मधमाश्या येऊन त्यात बुडत होत्या.
ज्या रुमालाखाली चाळीस वर्षं बोटं दाबून
शेठनं भाव ठरवले
तो रुमाल त्यांनी तोंडाला लावला होता.
"तोल की आता, याकोबा," म्हणाले.
होडीत कुणीच हसलं नाही. मग तेच हसले, थोडंसं.

पाणी उतरल्यावर आठवड्यानं
चावी घेऊन गेलो, तर सौद्याच्या ओट्यावर
रंगू भोयानं जाळी पसरलेली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
घाट अजून चिखलात होता, ऊन फक्त इथंच पडत होतं.
"वाळली की काढतो बघा."

मी उभाच राहिलो.
त्या खडकाचं अखेर हेच होणार, असं सांगितलेलं आहे:
उघडा दगड, आणि वर जाळी.
वीस वर्षं ते मी शापाच्या आवाजात वाचलं होतं.
जाळी आहे म्हणजे जाळंवाला आहे,
बोटात सुई अडकवून फाटलेला डोळा विणत बसलेला,
त्याची बायको मीठ घेऊन येतेय –
हा माणूस माझ्या पाठात कधी बसलाच नव्हता.
त्याला कुणी सांगितलंही नसेल की इथे कधीकाळी
राजांना पैसे पुरवणारे लोक राहत होते.
सांगितलं असतं तर म्हणाला असता, असतील.

"एवढं तोलून द्या की," रंगू म्हणाला.
टोपलीत तीन मरळ आणि एक वाम, अजून वळवळणारी.
गिऱ्हाईक बाजूलाच उभं होतं, पिशवी उघडून.
काट्याच्या पारड्यात पुराचा गाळ वाळून बसलेला,
चारशे ग्रॅम तरी जास्त दाखवत असेल.
आयुष्यात पहिल्यांदा
मी पारडं न पुसता तोललं.