मयताचं नाव

रोज रात्री अकरा दहाला मी एका माणसाला मारतो.
कन्नमवार नगरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
जिथे संध्याकाळी बायको कोथिंबीर निवडते
आणि एखादं पान लॅपटॉपच्या कळांत राहून जातं.

दिवसा मी चष्म्यांच्या दुकानात.
लोक हनुवटी टेकवून बसतात, मी भिंगं बदलत विचारतो:
आता बरं दिसतंय, की आता?
आता, की आता?
गेम करायला बसलो तेव्हा
एवढं एकच भांडवल होतं माझ्याकडे.
बाकी सगळं फुकटच्या व्हिडिओंवरून, दीडच्या स्पीडने.

गेममध्ये माहीमची एक सोसायटी आहे, शुक्तिका.
चार मजले, सहा संशयित, बंद पडलेली लिफ्ट,
आणि लिफ्टच्या खड्ड्यात प्रेत.
मिस लोबो पियानो शिकवतात, भिंती पातळ आहेत.
पिंगळ्यांची पार्किंगवरून केस चालू आहे, नववं वर्ष.
होमिओपॅथ दस्तूरांच्या कपाटातली
साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची एक बाटली
गुरुवारी होती, शुक्रवारी नाही.
गच्चीच्या किल्लीची वहीसुद्धा आहे.
तिच्यावर चहाचा डाग काढायला मला दोन रविवार लागले.

पण उत्तरं दोन निघतात.
सगळ्या शक्यता चाळणारा एक छोटा प्रोग्राम लिहिलाय मी,
तो पापणी न हलवता सांगतो: उत्तरं २.
गोळ्या देऊन दस्तूर. धक्का देऊन पिंगळे.
एक पुरावा वाढवला की उत्तरं ०,
म्हणजे माणूस मेला आणि मारला कोणीच नाही.
हे कोर्टात चालून जातं. गेममध्ये नाही.

वरच्या मजल्यावरच्या हेमलता पाठारे खेळायला आल्या.
एकतीस वर्षं वॉर्ड ऑफिसात, जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी.
मोतीबिंदूनंतरचा नंबर मी काढून दिला होता, त्याची परतफेड.
माउस त्यांनी शिक्क्यासारखा धरला.

पहिलाच पडदा. खड्डा, टॉर्चचा उजेड, प्रेत.
नाव? त्या म्हणाल्या.
कोणाचं?
मयताचं.
नाव नाहीये काकू. कोडमध्ये तो नुसता 'बळी' आहे.
वय?
नाही.
बाईमाणूस, मुलंबाळं? बॉडी ताब्यात कोण घेणार?
काकू, ते लागतच नाही. फक्त खुनी शोधायचा.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.
अरे, खुनी शोधायला पोलीस आहेत.
आधी कोणीतरी मेलं पाहिजे ना.
कोऱ्या रकान्याचा फॉर्म मी जन्मात घेतला नाही.
आणि बिस्किटाला हात न लावता गेल्या.

मला राग आला. मग झोप येईना.
दीड वाजता उठून टाईप केलं: दिगंबर चुरी.
वय एकसष्ट.
एवढ्याने भागेल असं वाटलं होतं.
पण नाव पडलं की माणूस सवयी मागतो.
चपलेचा अंगठा तुटलेला, तारेने बांधलेला.
मुलगी नाशिकला. फोन रविवारी, तिचाच.
आणि मधुमेह.
नऊ वर्षांत प्रसादाचा पेढासुद्धा
खिशात घालून घरी नेणारा माणूस.

तो दस्तूरांच्या गोड गोळ्या कशाला खाईल?

प्रोग्राम चालवला.
उत्तर १.

जिंकलो होतो म्हणा. खुर्चीत तसाच बसून राहिलो.
मग अकरा दहाचं अकरा अकरा केलं.
कोड्यात त्याने काही फरक पडत नाही, तपासलंय.
तेवढ्यात तो तार नीट पिळून घेतो
आणि मग लिफ्टकडे येतो.

काकूंना काल दाखवलं. नाव मोठ्याने वाचलं त्यांनी,
वय वाचलं, मान हलवली.
मग माझ्याकडे वळून, खिडकीवरच्या आवाजात:
खबर देणारा कोण?
मी म्हटलं, मीच.
मयताशी नातं?