समास

कव्हर नव्हतं. नाव नव्हतं.
सांखळीच्या वाचनालयातून उल्हास गांवस
कापडी पिशवीत घालून घेऊन आला.
"रहस्यकथा आहे. कणा गेलाय."
शेवटचा फर्माही गेला होता, सोळा पानं,
म्हणजे खुनी गेला होता.

मी वाचायला नको होतं.
बांधणाऱ्याने वाचत बसू नये, वडील म्हणत,
खळ वाळते.
पण त्या दिवशी वीज नव्हती
आणि दारातला उजेड नेमका पुस्तकावर.

गोष्ट साधी. नदीकाठचं गाव,
तारीवाला एका रात्री नाहीसा होतो.
होडी पलीकडच्या काठाला, कंदील पेटलेला.
संशय डॉक्टरवर, सावकारावर,
इगर्जीची घंटा वाजवणाऱ्या कायतानवर.

खरी गोष्ट समासात होती.
पान ३१, शिसपेन्सिल: "खून डॉक्टरानेच केला."
खाली निळी शाई: "त्याला पोहता येत नाही. पान ९ पाहा."
पान ५२: "पाहिलं. तरीही डॉक्टरच."
पान ८८: "तुम्ही ओल्या हातांनी वाचता."
"गुरांना पेंड घालून येते. पुसते, तरी राहतं."
पान १०३ वर खुनाबद्दल काहीच नाही,
नुसतं, "ताप उतरला का?"
मागच्या चिठ्ठीवर ४१ नंबर, ६७ नंबर, ४१, ६७, ४१,
सत्तावन्न साल, अठ्ठावन्न साल.
पान १४०, पेन्सिल:
"शनिवारी पुस्तक वाचनालयात देणार नाही.
तारीवर घेऊन येईन."
पुढे ती नसलेली सोळा.

मग मी माझं काम केलं.
जुजबंदी केली, मोरचूद घालून खळ शिजवली,
शेवटी सोळा कोरी पानं शिवली
(कणा भरावा म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं)
आणि कडा कुरतडलेल्या, म्हणून
तिन्ही बाजूंनी सुरी लावली.
समास पडला. बोटभर रुंद, लांब लांब चिंध्या.
दुसऱ्या दिवशी चूल त्यांच्यावर पेटली.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुस्तक परत आलं एकवीस वर्षांनी,
पुठ्ठ्यावर खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ.
उल्हासचे केस गेलेले, पिशवी तीच.
मी आधी मागची पानं उघडली.
कोरी नव्हती.
बॉलपेन: "खून डॉक्टरानेच केला."
खाली हिरवं जेल पेन:
"किती वेळा सांगू, त्याला पोहता येत नाही."

किती वेळा.

पान ३१ काढलं. छापील ओळीला लागून कडा.
दिव्यासमोर धरलं, भिंगाखाली धरलं,
एका वेलांटीचं शेपूटसुद्धा नाही.
माझी सुरी चांगली होती.

उल्हासने रजिस्टर पाहिलं.
गौरांग मळीक, मोबाईल दुरुस्तीचं दुकान, शुक्रवारी येतो.
दीक्षिता च्यारी, फार्मसीला शिकते,
सोमवारी, बाजाराच्या दिवशी.
"भेटलेत कधी?"
"इथे तर नाही."
मग म्हणाला, "ती पोरगी सारखे हात पुसत असते.
सॅनिटायझरची सवय, आणि काय."

मी पुनर्जन्म मानत नाही.
वडिलांच्या बाराव्याला भटजींनाही सांगितलं होतं.
डॉक्टरचा संशय कुणालाही येईल,
पान ९ कुणालाही सापडेल,
आणि 'किती वेळा' तर भांडताना आपण म्हणतोच.
असं मी खळ ढवळत म्हणत राहिले.
खळ तळाला लागली.

मला विचाराल तर खून झालाच नाही.
प्रेत एकाही पानावर नाही.
होडी पलीकडे आहे, कंदील पेटता आहे,
म्हणजे तो उतरला, थोडा वेळ थांबला,
आणि कुणी आलं नाही म्हणून चढण चढून गेला.
हे लिहायला पेन्सिल घेतली होती.
ठेवून दिली. समास माझा नाही.

या खेपेला आठ पानं जास्त शिवली.
सुरी लावली नाही.
उल्हास म्हणाला, कडा वाकड्या दिसतात.
म्हटलं, दिसू देत.