वाळेपर्यंत

टेबल अंगणात काढलं तेव्हा
पायांवर पुराची रेघ दिसली, गुडघ्याच्या जरा वर.
एकोणीस साली आमच्या शाहूपुरीच्या गल्लीत
पाणी जेवायला आलं होतं,
सहाही खुर्च्यांवर बसून गेलं.

यशोधन म्हणाले, भंगारात घाल, काचेचं आणू.
मी म्हटलं, बघू.
माझं 'बघू' म्हणजे 'नाही',
हे त्यांना एकतीस वर्षांत पाठ झालंय.
त्या दिवसापासून ते माझ्याशी
फक्त दुधाविषयी बोलले.

उद्यमनगरातून दस्तगीर मिस्त्री आले.
हात थरथरतो आता, ब्रश ठरत नाही,
म्हणून त्यांनी स्टूल धरलं आणि मी ब्रश.
"वहिनी, रेघंच्या उलट घासू नगा,
लाकूड रुसतंय."

ऐंशी नंबरचा कागद. मग दीडशे.
आधी निघाला क्रीम ऑइलपेंट,
नणंदेच्या लग्नात घाईनं फासलेला,
त्याच्याखाली चॉकलेटी पॉलिश,
त्याच्याखाली कुणी तरी गरम पातेलं ठेवलं होतं
त्याचं गोल, काळं कबुलीपत्र.
आणि मग एकदम साग.
उघडा पडल्यावर त्याला
नव्या चपलेचा वास आला,
दुकानात पाय घालण्याआधी येतो तसा.

आखूड पायाच्या खुर्चीखालून
केएमटीच्या तिकिटांची घडी निघाली.
कुठून कुठवर, ते पुसलं होतं.
पैसे मात्र वाचता येत होते.

"वर स्टेन, खाली रंग," मी म्हटलं.
मिस्त्री विचारात पडले.
"रंग म्हंजे तोंड झाकणं,
स्टेन म्हंजे तोंड धुणं.
एकाच्या अंगावर दोन्ही?"
मी म्हटलं, माणसं काय वेगळं करतात?
ते हसले, आणि चहा मागितला.

पाय आणि खुर्च्या शेवाळी.
पुराची रेघ तीन हातांखाली गेली,
तरी बोट फिरवलं की लागते.
माथ्यावर वॉलनट,
जुन्या बनियनच्या बोळ्यानं.
(बनियन कुणाची, ते विचारून घेतली नाही.)

स्टेनवर वॉर्निश.
पहिला हात रात्री मारला.
सकाळी बरोबर मधोमध
अंगठ्याचा ठसा.
घरात माणसं दोन. एक मी.
मी काही बोलले नाही. घासला.
दुसरा हात.
सकाळी पुन्हा ठसा,
या वेळी कडेला, चोरासारखा.
मिस्त्रींनी वाकून पाहिलं.
"हे काय मांजर न्हवं," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या वेळी मी ब्रश घेऊन माडीवर गेले.
"इतकी घाई आहे तर तुम्हीच मारा."
त्यांनी चष्मा काढला, परत घातला,
आणि खाली आले.
रेघेच्या बाजूनं, न सांगता.
ओघळ आला तिथं श्वास धरून थांबले.
दुधाचा विषय निघाला नाही.

मिस्त्रींचा हुकूम, आठ दिवस ताट ठेवायचं नाही.
आत आणलेल्या टेबलाला दोघंही शिवत नव्हतो.
जमिनीवर पेपर पसरून
आमटी-भात, पापड, खर्डा.
खाली बसल्यावर टेबलाची दिसते
ती बाजू, जी कुणीच रंगवत नाही.

तिथं शाल्मलीनं चिकटवलेली कारल्याची चकती,
वीस वर्षं जुनी, दगड झालेली.
ती आता जर्मनीत आहे,
म्हणते, इथली भाजी बेचव असते.
शेजारी सुताराची पेन्सिल,
सासऱ्यांच्या वेळची:
*पाच बाय तीन.
माणसे सहा.*

यशोधननी मान वाकडी करून वाचलं.
भात कालवत म्हणाले,
"चार खुर्च्या माडीवर नेऊ का?"
मी म्हटलं,
बघू.